नदीकाठचे बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषण)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो विषय मूळचा माझा नव्हे. तो माझ्या थोरल्या मुलाने मला घालून दिलेला आहे. गेल्या दिवाळीत तो पुण्याहून सहकुटुंब कोरेगावी आला होता. फराळाचे ताट पुढे असतानाच त्याने खिशातला मोबाइल काढला व एक चित्र माझ्यापुढे धरले. दूरवर पसरलेले निळे पाणी, पलीकडे हिरव्या डोंगरांची रांग आणि अलीकडे काठावर डोलणारे गवत. तो म्हणाला, "आबा, धोमच्या जलाशयाकाठी प्लॉट पाडले आहेत. पुण्याहून दोन-अडीच तासांची वाट. आज शनिवार-रविवार तिथे काढता येतील, पुढेमागे कायमचेही राहता येईल. तुम्ही वाईला सहा वर्षे काढलीत. तुम्हीच सांगा, घ्यावा का?"

प्रश्न एवढाच नव्हता. किमतीतील काही हिस्सा माझ्या निवृत्तीच्या शिलकीतून उचलावा लागणार होता. ही गोष्ट त्याला स्वतः बोलवेना, म्हणून ती त्याने सूनबाईंच्या तोंडून वदविली.

मी अवघा मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. जमिनीच्या व्यवहारातले मला काय कळणार? परंतु पाण्याच्या काठी राहणे म्हणजे काय, हे मात्र मी राहून पाहिले आहे. म्हणून त्या दिवशी मी उत्तर देण्याचे टाळले, सहा महिन्यांची मुदत मागून घेतली आणि मग जे उत्तर दिले, तेच आज जरा विस्ताराने आपल्यापुढे ठेवीत आहे. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत सांप्रत हाच विचार घोळत असेल, असे मला वाटते.

वाई हे गाव आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल, निदान पाचगणी-महाबळेश्वरास जाताना मोटारीच्या खिडकीतून तरी पाहिले असेल. पुण्याहून नव्वद किलोमीटरांच्या आसपास. खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या फाट्याशी हमरस्ता सोडला की थोड्याच वेळात कृष्णामाई दिसू लागते. आज हा प्रवास सोपा झाला आहे. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी महाबळेश्वरास जाणारे प्रवासी आमच्याच कोरेगाव तालुक्यातील वाठार स्टेशनावर आगगाडीतून उतरत आणि टांगा करून वाईवरून वर चढत. तेव्हा वाईला जाणे म्हणजे मुद्दाम जाणे होते, आणि गेलेला मनुष्य सहसा मुक्कामाला राही.

माझी बदली वाई तालुक्यातील एका खेड्यातील शाळेत झाली ती १९८९ साली. शाळा खेड्यात, पण बिऱ्हाड मी वाईस केले. नदीकडे उतरत जाणाऱ्या एका आळीत, जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. मागच्या सज्जात उभे राहिले की थेट नदी दिसे. कोरेगावच्या माणसाला ह्याचे अप्रूप किती वाटावे! आमच्याकडे जरंडेश्वराच्या डोंगराआड पाऊस आटत आटत येतो. कृष्णा जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. अशा गावाहून आलेला मी मनुष्य. पहिले सहा महिने मी शाळेतून येऊन सज्जात जो बसे, तो दिवे लागेपर्यंत उठत नसे. बाराही महिने पाणी पाहत बसण्याची सोय अवघ्या थोड्या भाड्यात झाली, ह्यापरते भाग्य कोणते, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

ही समजूत दुसऱ्या पावसाळ्यात फिटली.

श्रावणाचे दिवस होते. आठवडाभर डोंगरात पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडल्याची वर्दी आली होती. आमच्या घरमालकीण, ज्यांना सारी आळी माई म्हणे, दिवसातून चार वेळा घाटावर जाऊन येत आणि आल्यावर इतकेच सांगत, "अजून नऊ पायऱ्या आहेत." पुढच्या खेपेस, "सात राहिल्या." त्यांना पाण्याची उंची फुटांत कळत नसे, पायऱ्यांत कळे. त्या रात्री मी सज्जात उभा होतो. आळीच्या टोकाच्या दिव्याच्या उजेडात तपकिरी पाणी फेस उडवीत चालले होते, त्यातून ओंडके वाहत होते. दृश्य भयंकर होते आणि, खरे सांगावयाचे तर, सुंदरही होते. मी ते डोळे भरून पाहत होतो. तोच खालून माईंची हाक आली, "मास्तर, बघत काय उभे राहिलात? खाली या. खालच्या घरातली पोती वर घ्यायची आहेत."

मी खाली उतरलो तो सगळी आळी रस्त्यावर होती. नदीच्या अंगच्या दोन घरांतून वरच्या घरापर्यंत माणसांची रांग लागली होती. हातोहात धान्याची पोती, गाद्या, देवघरातले देव आणि एका घरातली शिवणाची दोन यंत्रे वर चढत होती. कोणी कोणाला हुकूम करीत नव्हते. कोणाचे सामान कोणाच्या ओसरीवर ठेवायचे, हे जणू वर्षानुवर्षे ठरलेले होते. रांगेत मलाही जागा करून दिली गेली. पहाटे पाणी तीन पायऱ्यांवर येऊन थांबले आणि उतरू लागले. कोणाच्याही घरात शिरले नाही. मी एकाला म्हटले, "म्हणजे एवढे श्रम फुकटच गेले." त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हणाला, "फुकट कसे? आता सामान परत खाली न्यायचे आहे की."

तेव्हापासून वाईकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. जे घाट मी चित्रासारखे पाहत होतो, ते आता मला कळू लागले. गणपती आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह, भीमकुंड अशी ह्या गावच्या आळ्यांची व त्यांच्या घाटांची नावे आहेत. घाटाला इतक्या पायऱ्या का? केवळ शोभेसाठी नव्हे. वैशाखातील नदी आणि श्रावणातील नदी ह्यांच्या पातळीत जे अंतर पडते, ते सारे ह्या पायऱ्यांनी हिशेबात धरलेले आहे. पाणी कोठेही असो, एका पायरीशी ते हाताला लागतेच. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी नदीच्या अगदी कडेला गणपतीचे देऊळ बांधले. त्यातील भव्य मूर्तीमुळे त्याला ढोल्या गणपती म्हणतात. मूर्ती पाहून लोक परततात; परंतु देवळाच्या मागच्या अंगास जाऊन भिंत पाहणारे थोडे. ती भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे पुढे निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळण्याऐवजी दुभागून दोहो बाजूंनी निघून जावा, ही त्यातील योजना. बांधणाऱ्याने नदीपासून दूर जाण्याचा विचार केला नाही आणि नदीला अडविण्याचाही केला नाही. पूर येणार हे मान्य करून त्याने बांधले. म्हणून अडीचशेहून अधिक वर्षे पुरांतून ते देऊळ उभे आहे.

ह्याच समजुतीचा दुसरा भाग मला कृष्णाबाईच्या उत्सवात दिसला. परंपरा सांगते की, अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला. हिवाळा ओसरू लागला की तो सुरू होतो आणि एकामागून एक आळी आपापल्या घाटावर तो साजरा करते. मांडव, पूजा, कीर्तन, प्रसादाचे जेवण, सारे त्या त्या आळीने करावयाचे. ज्या आळीची पाळी असेल तिच्या घरांतील माणसांनी राबावयाचे, इतरांनी पाहुणे म्हणून जेवावयाचे; पुढे पाळी फिरली की काल जेवणारा आज वाढू लागतो. मी भाडेकरू, त्यातही परगावचा. परंतु श्रावणातल्या त्या रात्रीनंतर उत्सवात माझ्याकडे पाणी वाढण्याचे काम आपोआप आले. मला वाटते, वाईचा रहिवासी मी त्या दिवशी झालो.

असल्या गावात नुसते देखावे पाहणारी माणसे राहिली असती तर तेथे दुसरे काही घडले नसते. वाईत पुष्कळ घडले. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे स्वामी केवलानंद सरस्वती झाले, त्यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालविली. विनोबा भावे तरुणपणी काही काळ तेथे अध्ययनास राहिले. खानदेशातील पिंपळनेरहून एक विद्यार्थी आला आणि येथलाच झाला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम त्यांनी मुंबई-पुण्यास न नेता वाईस चालविले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढे प्रचंड काम नदीकाठच्या लहानशा गावी होऊ शकले, ह्याचे कारण ती मंडळी तेथे जाऊन-येऊन नव्हती, बिऱ्हाड करून होती.

आता धोमच्या जलाशयाकडे वळतो, कारण चिरंजीवांचे चित्र तेथलेच होते. वाईच्या वरच्या अंगास कृष्णेवर हे धरण १९७०नंतरच्या दशकात उभे राहिले. त्यात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी साठते. जे पाणी आज चित्रात इतके शांत दिसते, त्याच्या तळाशी शेते आणि घरे आहेत. माझ्या शाळेतील एका मुलाची आजी मला एकदा काठावर भेटली. पाण्याच्या मध्यावर बोट दाखवून ती म्हणाली, "गुरुजी, तिथं आमचं अंगण होतं. तुळस वर आणली, अंगण कसं आणावं?" ती तक्रार करीत नव्हती, मला ठिकाण दाखवीत होती. त्यानंतर त्या पाण्याकडे पाहताना मला नेहमी ते अंगण आठवते.

आणि हे पाणी बारा महिने जागचे राहत नाही. ते राहण्यासाठी साठविलेलेच नाही. ह्या धरणाचा डावा कालवा सातारा तालुक्यातून आमच्या कोरेगाव तालुक्यापर्यंत येतो. आमची दीड एकर जमीन त्याच कालव्याखाली भिजते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कालव्याला पाळी सुटली म्हणजे आमच्या आल्याला आणि गव्हाला पाणी मिळते. त्या शेतीच्या उत्पन्नावर मुलाचे पुण्यातील शिक्षण झाले. आमच्या शेतात जितके पाणी यावे, तितके त्या निळ्या चित्रातून कमी व्हावे, असा हा सरळ हिशेब आहे.

म्हणून गेल्या वैशाखात मी मुलाला म्हटले, "चल, तुझा प्लॉट पाहून येऊ." ज्या गृहस्थाने तो विकावयास काढला होता, त्याने आश्विनातले चित्र पाठविले होते. आम्ही गेलो तेव्हा पाणी कितीतरी खाली, दूरवर सरकले होते. मध्ये भेगाळलेला गाळ आणि वाळलेले गवत. मुलगा बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, पाणी गेले कुठे?" मी म्हटले, "आपल्या शेतात गेले. मागच्या महिन्यात पाळी होती, विसरलास का?" तो हसला, पण ते हसणे विचारात पडलेल्या माणसाचे होते.

तेथून आम्ही वाईत उतरलो. माईंच्या आळीत गेलो. माई आता नाहीत. वाडा उभा आहे. त्याच्या दाराला कुलूप आहे. त्या आळीत अशी कुलपे मी सात मोजली. मुले-नातवंडे पुण्यास, मुंबईस, काही परदेशी. उत्सवाच्या वेळी ती येतात, मोठ्या हौसेने येतात, दोन दिवस राहून परततात. एक जुने शेजारी म्हणाले, "मास्तर, वर्गणीला कमी पडत नाही हो. वाढायला माणसे कमी पडतात." नदीही मला पूर्वीसारखी वाटली नाही. ज्या ठिकाणी माझ्या वेळी मुले पोहत, तेथे जलपर्णी साचली होती आणि एका बाजूने सांडपाण्याचा ओघळ पात्रात उतरत होता. हे काम कोणाचे, ह्याची चर्चा मी येथे करीत नाही. चार-सहा माणसे मात्र विळे आणि घमेली घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली होती आणि जलपर्णी ओढून काढीत होती. त्यांत दोघे पांढऱ्या केसांचे होते. वाईत जे पाणी मलिन होते ते वाईपुरते राहत नाही. तीच नदी पुढे माहुलीच्या संगमाशी वेण्णेला घेऊन आमच्या तालुक्याच्या कडेने जाते, कऱ्हाडास कोयनेला मिळते आणि सांगलीकडे वळते. जुन्या लोकांनी नदीला माय म्हटले ते केवळ भक्तीने नव्हे. एकाच मायेची ही सगळी गावे, हा अर्थही त्यात असावा.

सांगलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि निम्मे शहर पाण्यात होते. नदीकाठच्या गावाला देखावा आणि पूर वेगवेगळे मिळत नाहीत.

कुलपांचा हा प्रकार एकट्या वाईचा आहे, असेही नाही. इटलीतील व्हेनिस हे जगातील सर्वांत देखण्या पाणगावांपैकी एक समजले जाते. १९५१च्या सुमारास त्याच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्याही खाली आली. पाहावयास येणारे मात्र दरवर्षी लक्षावधी. इमारती त्याच, पाणी तेच. रात्री दिवा लागणारी घरे मात्र कमी होत चालली. ज्या गावावर सर्वांचे प्रेम आहे, त्याला राहणारी माणसे मिळू नयेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडे तर पाण्याकाठी नवी घरे उठत आहेत आणि घाटावरची जुनी घरे बंद पडत आहेत. दोन्हींचे मालक पुष्कळदा एकाच शहरात, कधी एकाच घरात राहतात.

आता माझे उत्तर. त्या संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून मी मुलाला सांगितले, "पाण्याकाठी राहू नकोस असे मी म्हणत नाही. मी राहिलो, माझे कल्याण झाले. पण प्लॉटला मी पैसा देणार नाही. मी तुला ह्या आळीतल्या दोन खोल्यांचे वर्षाचे भाडे देतो. आषाढापासून आषाढापर्यंत राहा. तुला रोज राहता येणार नाही हे मला ठाऊक आहे. महिन्यातून दोन वेळा ये, पण पावसाळ्यात ये आणि वैशाखातही ये. आळीची पाळी आली की वाढायला ये. जलपर्णी काढणारे पाण्यात उतरतील तेव्हा त्यांच्याबरोबर उतर. बारा महिन्यांनंतरही इथे घर असावे असे वाटले, तर माझी शिल्लक तुझीच आहे. आणि तेव्हा कदाचित नवे बांधण्यापेक्षा ह्या सात कुलपांपैकी एखादे उघडावे असे तुला वाटेल."

सूनबाईंनी विचारले, "आणि आबा, आम्ही नसू तेव्हा त्या खोल्यांत कोण असणार?" हा प्रश्न मात्र मी विचारात घेतलेला नव्हता. घरी आल्यावर आमच्या मंडळींनीच त्याचा निकाल लावला. त्या म्हणाल्या, "शेत वाट्याने दिलेले आहे. इथे तरी आपण दोघे काय करतो?"

तेव्हा श्रोते हो, येत्या आषाढात सासष्ट वर्षांचा हा मास्तर आपले बिऱ्हाड पुन्हा वाईस नेत आहे. गुडघे पूर्वीसारखे नाहीत. पोती उचलणे होणार नाही. पण पाण्याच्या किती पायऱ्या राहिल्या, हे दिवसातून चार वेळा पाहून येऊन आळीला सांगावयाला कोणी तरी हवे असते. माईंच्या मागे ते काम रिकामे आहे, असे कळते. तेवढे मला जमेल.